अडलेलं काम दिसलं पाहिजे: छोट्या प्रकल्पांसाठी फळा, आलेखाचा कागद आणि एक शीट

मे महिन्यात चोपडा, यावल, रावेर पट्ट्यातल्या ठिबक सिंचनाच्या कुठल्याही दुकानात डोकावा. केळीच्या मृग बागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीची, लागवड तोंडावर आलेली, प्रत्येक शेतकऱ्याला पाऊस पडायच्या आत नळ्या पसरलेल्या हव्यात, आणि दुकानदाराच्या डोक्यात वीस शेतं एकदम फिरतायत. कोणाची अनुदानाची पूर्वसंमती आली, कोणाचा पाइप उतरला, कोणत्या शेतात चारी खोदून आठ दिवस झाले तरी मेनलाइन (मुख्य पाइप) पडलेली नाही, हे सगळं फक्त त्याच्या डोक्यात. तो लग्नाला गेला की दुकान आंधळं.

तीन एकरांचं ठिबक बसवायला चार माणसांना दोन-तीन दिवस पुरतात. तरी ऑर्डर दिल्यापासून टोकाला पाणी येईपर्यंत महिना जातो. उरलेले दिवस काम कुठेतरी थांबलेलं असतं: कागदासाठी, मालासाठी, विजेच्या पाळीसाठी, जेसीबीसाठी. छोट्या प्रकल्पांचा उशीर बहुतेक वेळा असा होतो. हात मंद चालतात म्हणून नाही, तर काम अडून बसतं आणि ते अडलंय हे कोणाच्या ध्यानात नसतं म्हणून. तेव्हा साधन निवडताना एक कसोटी लावा: अडलेलं काम त्यात लगेच दिसतं का? आणि दुसरी, तितकीच कडक: साइटवरचा माणूस स्वतःच्या हाताने त्यात बदल करू शकतो का? या दोन्हींत जे बसत नाही ते कितीही देखणं असलं तरी महिन्याभरात धूळ खात पडतं.

खाली दिलेली साधनं दोन ते बारा माणसांच्या कामाला पुरतात. पंधराहून कमी तुकड्यांचं आणि एकाच माणसाच्या हातातलं काम असेल तर यातलं काहीच करू नका. खिशातल्या वहीत एका पानावर यादी लिहा, झालेल्यावर रेघ मारा, पुरे.

आधी कामाचे तुकडे

साधन कोणतंही घ्या, तुकडे चुकीचे पाडले तर सगळं वाया. "सावद्याचं शेत" हे काम नाही, तो एक प्रकल्प आहे. "मेनलाइनची चारी खोदणे, १८० मीटर, दीड फूट खोल" हे काम आहे. तुकडा असा हवा की एक माणूस किंवा एक टोळी तो अर्ध्या ते दोन दिवसांत संपवेल. त्याहून मोठा तुकडा आठवडाभर "चालू आहे" एवढंच सांगत राहतो आणि आतमध्ये काय चाललंय ते कळत नाही. त्याहून लहान पाडलेत तर लिहिण्यातच दिवस जाईल.

प्रत्येक तुकड्यात क्रियापद असू द्या आणि तो झाला असं कशाला म्हणायचं तेही लिहा. "टेस्टिंग" असं लिहिलं की एक जण मोटार चालू करून घरी जातो, दुसरा प्रत्येक नळीचं टोक बघतो, आणि दोघंही खरं तेच सांगतात: टेस्टिंग झालं. त्याऐवजी लिहा: "सबमेन धुऊन घेणे, मग नळ्या जोडून सर्वांत लांबच्या नळीच्या टोकाला पाणी पाहणे." यात क्रमही आला. सबमेन, म्हणजे मेनलाइनपासून नळ्यांना पाणी देणारा पाइप, न धुता नळ्या जोडल्या तर पाइप कापतानाचा पीव्हीसीचा भुगा थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसतो, आणि मग दोष कंपनीच्या नळीला दिला जातो.

वाट पाहणं हेसुद्धा वेगळं काम म्हणून लिहायचं. हे बहुतेक जण करत नाहीत आणि तिथेच हिशेब फसतो. अनुदानाच्या ठिबकात महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची पूर्वसंमती आल्याशिवाय खरेदीचं बिल करायचं नसतं. म्हणून "पूर्वसंमतीची वाट" हा एक तुकडा. सोल्यूशन लावलेल्या जोडांना पूर्ण दाब देण्याआधी २४ तास द्यायचे असतात. तोही एक तुकडा. बिल अपलोड झाल्यावर मोका तपासणीची, म्हणजे शेतावर येऊन होणाऱ्या सरकारी पाहणीची, वाट, हा आणखी एक. ही कामं कोणाचेच हात अडवत नाहीत, पण दिवस खातात.

भिंतीवरचा फळा

एकाच वेळी सारख्या प्रकारची अनेक कामं चालू असतील (ठिबक, फॅब्रिकेशन, पंप दुरुस्ती, फर्निचर) तर फळ्याला तोड नाही. ही पद्धत मुळात टोयोटाच्या कारखान्यातली. ताइइची ओनो यांनी १९५० च्या दशकात ती तिथे रुजवली. जपानीत तिला कानबान म्हणतात, म्हणजे साधी पाटी किंवा फलक. तिथे सुटे भाग वेळेवर यावेत म्हणून कार्डं फिरायची, आपल्याला त्यातलं एवढंच घ्यायचंय: प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि कार्ड जिथे लावलंय तिथे ते काम आहे.

चार फूट बाय तीन फुटांचा प्लायवूडचा तुकडा किंवा थर्माकोलवर कापड ताणून केलेला फळा चालतो. पांढरा मार्कर बोर्ड असेल तर चुंबकं घ्या. रंगीत चिकट चिठ्ठ्या दिसायला छान, पण पंखा, कूलर आणि उन्हाळ्यातली धूळ यांच्यापुढे त्या टिकत नाहीत. सकाळी तीन कार्डं जमिनीवर आणि कोणतं कुठलं ते कोणालाच ठाऊक नाही, असं एकदा झालं की लोकांचा फळ्यावरचा विश्वास उडतो. लग्नाच्या जुन्या पत्रिकांचा मागचा कोरा पुठ्ठा कापून तीन बाय पाच इंचांची कार्डं करा आणि टाचण्यांनी लावा. ताठ राहतात, फुकट मिळतात आणि खानदेशात पत्रिकांचा तुटवडा कधी पडलेला नाही.

रकाने पाच: घ्यायचं, या आठवड्यात, चालू, अडलं, झालं. माणसं घरी अहिराणी बोलत असतील तर "चालू शे" आणि "व्हई गयं" असं लिहायला काहीच हरकत नाही. फळा कृषी अधिकाऱ्याला दाखवायचा नाहीये.

कार्डावर काय लिहायचं हे धंद्यानुसार ठरेल. ठिबकवाल्याने एका शेताला एक कार्ड धरावं आणि त्यावर गाव, शेताचं नाव, क्षेत्र, पाण्याचा स्रोत, फिल्टरचा प्रकार, त्या फीडरची विजेची पाळी आणि ओळींमधलं अंतर एवढं तरी लिहावंच. अंतर कशाला? एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. केळीची लागवड पाच बाय पाच फुटांवर असेल तर एकरी ८,७१२ फूट, म्हणजे सुमारे २,६५५ मीटर नळी लागते. ओळींमधलं अंतर सहा फूट असेल तर ७,२६० फूट, म्हणजे सुमारे २,२१३ मीटर. एकरी जवळजवळ ४४० मीटरचा फरक. अंतर कार्डावर नसलं की गोडाऊनमधला मुलगा नेहमीच्या अंदाजाने बंडलं चढवतो आणि शेतावर गेल्यावर शेवटच्या वीस ओळी कोरड्या राहतात.

कार्डाच्या खालच्या कडेला तारखा: कार्ड कधी बनलं, "चालू"मध्ये कधी आलं, "झालं"मध्ये कधी गेलं. तीनच तारखा, पण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो.

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम. "चालू" या रकान्यात किती कार्डं असू शकतात त्याचा आकडा रकान्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा. टोळ्यांची संख्या अधिक एक, हा सुरुवातीला चांगला आकडा. दोन टोळ्या असतील तर तीन. चौथं शेत सुरू करायचं असेल तर आधी तिघांपैकी एक संपवा.

दुकानदाराला हे पटत नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतं. त्याच्या शेतात निदान चारी तरी खोदून देऊ, म्हणजे तो शांत बसेल, असं वाटतं. पण १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: हातातली एकूण कामं, भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे आठवडे. तुम्ही आठवड्याला तीन शेतं संपवत असाल आणि बारा शेतं उघडून ठेवली असतील, तर प्रत्येकाला सरासरी चार आठवडे लागणार. सहाच उघडी ठेवली तर दोन आठवडे. माणसं तितकीच, काम तितकंच. चारी खोदून दिलेला शेतकरी शांतही बसत नाही. उघड्या चारीत बैल पाय घालेल म्हणून तो रोज दोनदा फोन करतो.

"अडलं" हा रकाना कसा चालवायचा

बहुतेक फळ्यांवर हा रकाना नसतो. अडलेली कार्डं "चालू"मध्येच लटकत राहतात आणि तो रकाना खोटा होतो. काम थांबलं की कार्ड लगेच "अडलं"मध्ये सरकवायचं, आणि त्यावर एक लाल दोरा किंवा लाल कागदाचा तुकडा टाचून तीन गोष्टी लिहायच्या: कशासाठी अडलं, कोणाला विचारायचं, पुन्हा कधी विचारायचं. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन्ही निरुपयोगी. "वीज नाही" लिहिण्याने काही होत नाही. "रात्रपाळीची वीज, सोमवारपासून दिवसा, सोमवारी सकाळी ९ ला मोटार चालू करून बघणे" असं लिहिलं की सोमवारी टोळी तिथे असते. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते हे सगळ्यांना माहीत असतं. तरी पाळीचा दिवस न बघता टेस्टिंगची तारीख देणं ही या भागातली नेहमीची चूक.

अडलेलं कार्ड "चालू"च्या आकड्यात मोजायचं का? मोजायचं. न मोजलं तर अडचण सोडवण्यापेक्षा नवं शेत उघडणं सोपं पडतं, आणि सहा आठवड्यांनी "अडलं"मध्ये अकरा कार्डं साचतात. अपवाद फक्त सरकारी टप्प्यांचा, म्हणजे पूर्वसंमती आणि मोका तपासणीचा, कारण त्यांचा वेग आपल्या हातात नाही. त्यांना फळ्याच्या उजव्या कडेला वेगळी उभी पट्टी द्या आणि आठवड्यातून एकदा पोर्टलवर स्थिती बघायचा एक वार ठरवून टाका.

रोज सकाळी टोळ्या निघायच्या आधी फळ्यासमोर उभं राहून दहा मिनिटं. बसून नाही, बसलं की चहा येतो. फळा उजवीकडून डावीकडे वाचायचा: आधी संपत आलेलं, मग अडलेलं, मग चालू, शेवटी नवं. डावीकडून सुरू केलं तर सगळी दहा मिनिटं नव्या कामाच्या उत्साहात जातात. कार्ड हलवायचं ते ज्याचं काम त्याने. मालकच सगळी कार्डं हलवत असेल तर तो फळा मालकाची वही आहे, फक्त भिंतीवर टांगलेली.

फळा कुठे लावता यालाही महत्त्व आहे. केबिनच्या दारामागे नको. टोळीवाले हजेरी लावतात, चावी घेतात, माल मोजतात, त्या वाटेवर हवा.

क्रमाने होणाऱ्या कामाला आलेखाचा कागद

एकच मोठं काम असेल आणि त्यातले टप्पे एकमेकांवर अवलंबून असतील, जसं शेड, घर, विहिरीचं बांधकाम, तर फळा अपुरा पडतो. तिथे दिवस दिसायला हवेत. शंभर वर्षांपूर्वी हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने लोकप्रिय केलेला पट्ट्यांचा तक्ता अजूनही पुरेसा आहे आणि तो शाळेच्या आलेखाच्या कागदावर निघतो. कागद आडवा धरा, अर्धा सेंटिमीटर म्हणजे एक दिवस. ४२ दिवसांच्या कामाला २१ सेंटिमीटर लागतात, ए-४ कागदात सहज बसतं.

पट्ट्या काढण्याआधी न होणारे दिवस काट मारून टाका. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मजूर येणार नाहीत. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतमजुरांचं, वर्ष तेव्हाच फिरतं, त्यामुळे शेतावरची जुनी माणसं त्यानंतर असतीलच असंही नाही. होळीच्या आठवड्यात सातपुड्यातले पावरा आणि भिल्ल मजूर गावी जातात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासूनच माणसं कमी होऊ लागतात. श्रावणात कानबाईचा सण, पुढे पोळा. जून सुरू झाला की उघड्यावरच्या काँक्रीटचा भरवसा धरू नका. हे दिवस छापील कालनिर्णयातून बघून आधी काट मारले की वेळापत्रक निम्मं खरं होतं. पुण्यामुंबईच्या ठेकेदारांची वेळापत्रकं इथे नेमकी याच दिवसांवर आपटतात.

उदाहरण घेऊ: केळी भरण्यासाठी लोखंडी ट्रसची (छताच्या सांगाड्याची) छोटी पॅकिंग शेड, उन्हाळ्यात.

लाइनआउट (जागेवर आखणी) १ दिवस, खड्डे २, फुटिंग (पायाचं काँक्रीट) २, एक दिवस थांबणं, अँकर बोल्टसह पेडेस्टल (पायावरचे काँक्रीटचे आखूड खांब) २, त्यांना पाणी मारणं १०. इथवर १८ दिवस. मग ट्रस उभे करणं ३, पत्रे २, आतला भराव आणि कुटाई ३, जमिनीचं काँक्रीट २, त्याला पाणी १४. एकूण ४२ दिवस. पाण्याचे दिवस जास्त वाटतील, पण आयएस ४५६ या मानकात उष्ण आणि कोरड्या हवेत १० दिवसांहून कमी पाणी चालत नाही, आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला ते १४ पर्यंत वाढवावं अशी शिफारस आहे. भुसावळच्या मे महिन्याहून उष्ण आणि कोरडी हवा ती कोणती? गोणपाट ओलं ठेवा. नुसता पाइप मारून गेलेला माणूस वळायच्या आत काँक्रीट सुकतं.

या सगळ्याच्या बाजूला, दुसऱ्या ओळीवर, वर्कशॉपमधलं काम: लोखंड यायला ५ दिवस, ट्रस बनायला १२, एकूण १७. ट्रस लागणार १९ व्या दिवशी सकाळी. पहिल्याच दिवशी ऑर्डर दिली तर एका दिवसाची सवड उरते. "अजून खड्डेच चालू आहेत, ट्रसचं बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत पाच दिवस उशिरा ऑर्डर दिली तर ट्रस २२ व्या दिवशी संध्याकाळी मिळतील, आणि ४२ ऐवजी ४६ दिवस लागतील. चार दिवस गेले ते साइटवर नाही, ऑर्डर न दिलेल्या टेबलावर.

कागदावर हे कसं पकडायचं? प्रत्येक पट्टीच्या शेवटापासून तिच्यावर अवलंबून असलेल्या पट्टीच्या सुरुवातीपर्यंत पेन्सिलीने बाण काढा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणारी सर्वांत लांब साखळी लाल पेनने गिरवा. या साखळीतलं काहीही एक दिवस सरकलं की शेवट एक दिवस सरकतो. साखळीबाहेरच्या प्रत्येक पट्टीपुढे तिची सवड आकड्यात लिहा. १ किंवा २ लिहिलेली पट्टीही लालच समजा. ही पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी संगणकावर बसवली गेली. तीस पट्ट्यांपर्यंत तिला पेन्सिल पुरते.

बाण काढताना लपलेली अवलंबनं सापडतात, हा खरा फायदा. इथे एक आहे: पेडेस्टल ओतण्याआधी, म्हणजे सातव्या-आठव्या दिवसापूर्वी, बोल्टांचं टेम्प्लेट (त्यांची जागा दाखवणारा साचा) वर्कशॉपकडून हवं. ते नसताना गवंड्याने नकाशावरून बोल्ट बसवले आणि वर्कशॉपने बेसप्लेटची भोकं आपल्या सोयीने पाडली, की १९ व्या दिवशी क्रेन उभी आणि बोल्ट प्लेटमध्ये जात नाहीत. मग गॅसकटरने भोकं लांबवतात. टाळायचं असेल तर "टेम्प्लेट साइटवर" ही स्वतंत्र पट्टी, तारखेसह.

सवड प्रत्येक पट्टीत थोडी थोडी घालू नका. दोन दिवसांच्या कामाला तीन दिवस लिहिले की काम तीन दिवस चालतं. पट्ट्या खऱ्या ठेवा आणि शेवटी एकत्र राखीव दिवस ठेवा. ४२ दिवसांच्या कामाला सहा-सात. घरमालकाला शब्द द्यायचा तो राखीव धरून.

दोन ठिकाणी माणसं असतील तर शीट

ऑफिस जळगावात आणि साइट शहाद्याला, अशा वेळी भिंत उपयोगाची नाही. गूगल शीट पुरते. पहिल्याच मिनिटाला एक गोष्ट करा: "फाइल"मध्ये "सेटिंग्ज" उघडून लोकेल (तारखा, आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते) "इंडिया" आहे का बघा. ते अमेरिकेवर असेल तर तुम्ही लिहिलेली ३/६ ही तारीख ३ जून न होता ६ मार्च होते, आणि कामं उगाच तीन महिने उशिरा दिसू लागतात. १२ तारखेनंतरच्या नोंदी तारीख न राहता नुसता मजकूर होतात, म्हणून अर्ध्या ओळींचा हिशेब चालतो आणि अर्ध्यांचा नाही. या घोळाचं कारण शोधण्यात लोक दिवस घालवतात.

रकाने सात, त्याहून जास्त नकोत, कारण ही शीट मोबाइलवर उघडली जाणार आहे: काम, साइट, कोण, स्थिती, शेवटची तारीख, कशासाठी अडलं, पुन्हा कधी विचारायचं. "स्थिती"च्या रकान्याला "इन्सर्ट"मधून ड्रॉपडाउन लावा आणि फळ्यावरचेच पाच शब्द द्या. हाताने लिहू दिलं तर "झाले", "झालं", "पूर्ण", "ओके" असे चार प्रकार येतात आणि फिल्टर कुचकामी ठरतो. वरची ओळ आणि पहिला रकाना "व्ह्यू"मधल्या "फ्रीझ"ने पक्का करा.

रंग दोनच. "फॉरमॅट"मधल्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये स्वतःचं सूत्र निवडून, शेवटची तारीख "टुडे" या फंक्शनपेक्षा लहान, रिकामी नाही आणि स्थिती "झालं" नाही, तर ओळ लाल. "पुन्हा कधी विचारायचं" ही तारीख आजची किंवा आधीची असेल तर पिवळी. तारीख रिकामी नाही ही अट विसरलात तर कोऱ्या ओळीही रंगतात, कारण रिकाम्या घराला शीट शून्य समजते. सूत्रात रकान्याच्या अक्षरापुढे डॉलरचं चिन्ह न लावल्यास पूर्ण ओळीऐवजी एखादंच घर रंगतं. सात रंगांची शीट कोणी वाचत नाही.

अमुक इतक्या कामाच्या दिवसांनंतर कोणती तारीख येते ते काढायला "वर्कडे डॉट इंटल" हे फंक्शन वापरा. त्यात साप्ताहिक सुट्टीचा क्रमांक देता येतो: ११ म्हणजे फक्त रविवार, १२ फक्त सोमवार, असं १७ म्हणजे फक्त शनिवारपर्यंत. गावच्या बाजाराच्या दिवशी तुमचं काम बंद राहत असेल तर तोच वार द्या. अखाजी, होळी वगैरे तारखांची यादी वेगळ्या पानावर करून तीही या फंक्शनला जोडता येते.

कोणी चुकून पन्नास ओळी पुसल्या तर घाबरू नका. "फाइल"मधल्या व्हर्जन हिस्टरीत कालची शीट जशीच्या तशी सापडते. तोरणमाळकडच्या साइटसाठी मोबाइलवर ती फाइल आधीच ऑफलाइन करून ठेवा.

व्हॉट्सअॅपचं काय करायचं

ग्रुप तर असणारच. त्याला बातमीदार समजा, वही समजू नका. ग्रुपवर आलेलं काम त्याच संध्याकाळी फळ्यावर किंवा शीटमध्ये गेलं नाही तर ते नाही असंच धरा. "मी ग्रुपवर टाकलं होतं ना" या वाक्याने आजवर एकही भिंत उभी राहिलेली नाही. शीटची लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये ठेवा. आठवड्याची तीन मुख्य कामं एका संदेशात लिहून तो ७ दिवसांसाठी पिन करा. मापं आणि आकडे व्हॉइस मेसेजमध्ये नकोत: ते शोधता येत नाहीत, आणि "पंधरा" की "पंचवीस" हे ट्रॅक्टरच्या आवाजात कळत नाही. फोटो पाठवताना खाली साइटचं नाव लिहायला लावा, नाहीतर महिन्याने सगळ्या चाऱ्या सारख्याच दिसतात. आपोआप गायब होणारे संदेश कामाच्या ग्रुपवर बंद ठेवा.

ट्रेलोसारखं ॲप घ्यावं का? भिंतीवरचा फळा दोन महिने नीट चालला असेल आणि माणसं खरोखर दोन ठिकाणी असतील तर घ्या. २०११ साली आलेलं हे ॲप म्हणजे तोच फळा पडद्यावर. लहान गटाला मोफत पुरतं. तेच पाच रकाने करा, कार्डाला जबाबदार माणूस एकच ठेवा, सूचना फक्त स्वतःच्या कार्डांच्या चालू ठेवा. फळा कधीच न चालवता थेट ॲप घेतलं तर पहिल्या आठवड्यात सगळे रंग आणि लेबलं लावत बसतात, तिसऱ्यात कोणी उघडत नाही. फिटरकडे साधा फोन असेल तर ॲपचा विचारही नको.

शनिवारचा अर्धा तास आणि हंगामाचा शेवट

आठवड्यातून एकदा "झालं"मधली कार्डं उतरवा आणि तारखांवरून दोन आकडे काढा: या आठवड्यात किती संपली, आणि प्रत्येकाला "चालू"पासून किती दिवस लागले. सरासरीवर जाऊ नका. दहा कार्डं दिवसांच्या क्रमाने लावा आणि नववं बघा. नऊ शेतं ११ दिवसांच्या आत झाली असतील आणि दहाव्याला २४ लागले असतील, तर नव्या गिऱ्हाइकाला ११ दिवस सांगता येतात, दहापैकी नऊ वेळा शब्द पाळला जाईल. सरासरीवरून सांगितलेली तारीख जवळपास निम्म्या वेळा चुकते.

मग लाल दोऱ्यांची कारणं मोजा. पाचपैकी तीन वेळा फिल्टर आला नाही म्हणून काम अडलं असेल तर पुढच्या आठवड्यात टोळी वाढवून काही होणार नाही. दोन फिल्टर आधी आणून ठेवावे लागतील.

हंगाम संपला की सगळी कार्डं गावानुसार रबर बँडने बांधा, लाल कागद तसेच राहू द्या, आणि पाकिटावर वर्ष आणि बाग लिहा: मृग किंवा कांदे. कांदे बागेची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावायच्या केळीची, गर्दी ऑक्टोबरच्या आसपास पुन्हा सुरू होते. सप्टेंबरमध्ये ते पाकीट टेबलावर पसरायचं, सर्वांत जास्त दिवस लागलेली पाच कार्डं बाजूला काढायची, आणि त्यांच्यावरचे लाल कागद वाचून फिल्टर, जेसीबी आणि पूर्वसंमतीची यादी गिऱ्हाईक दारात यायच्या आधी करून ठेवायची.